कारण: इतर

अजमानला, मासळी बाजारामागच्या गल्लीत,
टायपिंग सेंटरच्या तीन नंबर काउंटरवर
मी दिवसभर माणसांना चौकोनांत बसवते.
नाव. वडिलांचं नाव. पासपोर्टची मुदत.
एखादं अक्षर बाहेर सांडलं की स्क्रीन लाल होते.

अरबीत प नाही.
म्हणून माझ्या कार्डावर परकारची बरकार झालीय,
त्याला सतरा वर्षं झाली.
आता कुणी त्या नावानं हाक मारली तरी मी वळते.
रात्री वहीत मात्र प जरा जास्तच येतो:
पेज, पाट, परस, पडवी...
कविता कसली,
थकबाकी वसूल करायला निघाल्यासारखी यादी.

लिहायची वेळ साडेदहानंतर.
पलीकडच्या कॉटवर मर्लिन भिंतीकडे तोंड करून झोपते.
एसीचं पाणी निळ्या बादलीत ठिबकत राहतं,
सकाळी त्याच पाण्यानं फरशी पुसायची.
या खोलीत वाया काही जात नाही.
फक्त मी चार ओळी लिहून सहा खोडते,
हा हिशेब कसा बसतो ते मला विचारू नका.

ऑगस्टमध्ये खिडकीच्या काचेला बाहेरून घाम येतो.
आतून पुसायला गेलं तर हाताला काही लागत नाही.
ही उपमा आहे असं वाटून
दोन वर्षं जपून ठेवली होती.
परवा वापरायला काढली तर विटलेली.

त्याच दिवशी मोतालेब आला.
बारिसालचा, क्रेनवर हेल्पर,
हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली तसाच.
कंपनीचा सुट्टीचा अर्ज भरायचा होता.
मी विचारलं, कारण?
यादीत असतात: आजारपण, मृत्यू, लग्न, इतर.
म्हणाला, "लिहा, आई आजारी आहे."
मी आजारपणावर बाण नेला.
"नाही, थांबा," म्हणाला, "आई बरी आहे.
बरी आहे तोवर जायचंय."

शिहाबनं करकचे कागदी पेले आणून ठेवले.
मागे नऊ जण टोकन घेऊन उभे.
त्या वाक्याच्या मापाचा चौकोन नव्हता.
मी 'इतर' दाबलं,
पंधरा दिरहम घेतले, पावती दिली.

रात्री वही उघडली आणि पहिलं काय केलं,
तर ते वाक्य चोरलं.
क्रेन काढली, पुन्हा घातली.
'तोवर'चं 'तोपर्यंत' करून पाहिलं.
एक प मिळाला,
पण वाक्य लांबलं, त्याचं विमान सुटलं.
पुन्हा 'तोवर'.
पहाटेकडे कळलं की माझं काम इतकंच होतं,
हात न लावणं.
तेच जमत नाही. इतकी वर्षं
लोकांची स्पेलिंगं दुरुस्त करून
बोटांना खोड लागलीय.

माझी अम्माही बरी आहे, दापोलीला.
मी लगेच फोन केला नाही,
आधी ओळ पुरी केली.
हे इथे लिहून ठेवते,
कारण उद्या मी हे खोडेन.

आज दुपारी मोतालेब पुन्हा दारात.
अर्ज परत आला होता. शेरा: कारण स्पष्ट करा.
आता काय लिहायचं, त्यानं विचारलं,
जणू मला माहीत असणार.
आणि मी, जी रात्री स्वतःला खरं लिहिणारी समजते,
मी 'आजारपण' दाबलं.
त्यानं घाईनं दोन्ही कानांना हात लावले.
मीही लावले.
पैसे घेतले नाहीत, त्याला ते आवडलं नाही,
नोटा घडी करून कीबोर्डाखाली सरकवून गेला.

सेंटर बंद करताना अम्माला फोन लावला.
"आज मंगळवारी कसा गं?" ती म्हणाली.
म्हटलं, असाच.